झाडीपट्टी नाट्यसंग्रह : फाइलनावांच्या प्रकल्प नोंदी

२० मार्च २०२५

होळी झाली आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम आटोपला. वडसा-देसाईगंजची बुकिंग ऑफिसं ओस पडली, नट आपापल्या गावी परतले, लोक पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जाऊ लागले. दिवाळीपासून होळीपर्यंत ज्यांना बोलायलाही फुरसत नसते ती माणसं आता घरी सापडतात. म्हणून संग्रहाचं काम आत्ताच धरलं आहे. गावोगावच्या मंडळांच्या हस्तलिखित संहिता, हँडबिलं, तालमींचं ध्वनिमुद्रण, जुन्या सीड्या असं सगळं आमच्या वाचनालयात गोळा करायचं आणि त्याची एक प्रत नागपूरला ठेवायची.

यंत्रं अशी: वाचनालयाचा विंडोज १० चा संगणक, त्याला स्कॅनर जोडलेला. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या पोराचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट. नागपूरच्या ताई ध्वनी साफ करून देणार आहेत, त्यांच्याकडे मॅक. बाकी सगळ्यांचे अँड्रॉइड फोन, आणि ज्याच्या-त्याच्या खिशात एक पेनड्राइव्ह. नागपूरची साठवणही लिनक्सवरच आहे.

स्कॅनिंगची नोंदवही वेगळी. इथे फक्त फाइलनावांबद्दल लिहायचं, कारण पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ त्यातच जाणार असं दिसतंय.

२२ मार्च

पोराने आणलेलं फोल्डर विंडोजवर अर्धंच उतरलं. लिनक्सला नावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत: तिरपी रेघ आणि शून्य-बाइट, म्हणजे शून्य किंमतीचं न दिसणारं चिन्ह. बाकी काहीही लिहा. विंडोजची यादी मोठी आहे: < > : " / \ | ? * यातलं एकही चिन्ह नावात नको, आणि नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नको.

झाडीपट्टीच्या नाटकांची नावं जणू ही यादी समोर ठेवूनच बेतलेली असतात. ‘अमुक कुणाचं?’ हा तर ठरलेला साचा, त्यामुळे प्रश्नचिन्ह आलंच. त्यानंतर तीन टिंबं, म्हणजे प्रेक्षकाने पुढचं ओळखावं. उद्गारचिन्ह विंडोजला चालतं, पण लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) दुहेरी अवतरणात लिहिलं की बॅश, म्हणजे त्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, त्याला जुन्या आज्ञेचा संदर्भ समजतं. पोर आता नावं एकेरी अवतरणातच लिहितो.

डिस्कवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीचा असेल तर लिनक्स तिथेच नकार देतं, ते बरं. घोळ एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या, बाहेरच्या डिस्कवर होतो. अशा डिस्का हाताळणारा लिनक्सचा प्रोग्राम, एनटीएफएस-३जी, आपणहून काही अडवत नाही, प्रश्नचिन्हासकट नाव लिहून मोकळा होतो. मग तीच डिस्क विंडोजला लावली की फाइल दिसते पण उघडत नाही, पुसताही येत नाही. डिस्क जोडताना ‘विंडोज नेम्स’ हा पर्याय दिला की असली नावं लिहितानाच अडतात. पोराच्या लॅपटॉपवर तो कायमचा लावून घेतला.

अजून एक गंमत. संमतीपत्रांच्या फोल्डरला त्याने इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरं दिली होती: सीओएन. विंडोज म्हणे हे नाव चालणार नाही. डॉसच्या काळात सीओएन म्हणजे कन्सोल, पीआरएन म्हणजे प्रिंटर, तसंच एयूएक्स, एनयूएल, सीओएम१ ते ९, एलपीटी१ ते ९ ही उपकरणांची नावं राखीव होती. ती अजून राखीव आहेत, मागे एक्स्टेन्शन जोडलं तरी. ग्रंथपाल काका ऐकून हसले: "प्रिंटर कवाचा भंगारात गेला, पन नाव नाई सोडत."

२५ मार्च

आजचा सगळा दिवस एका फाइलमागे गेला. ती सविस्तर लिहून ठेवतो, कारण हीच अडचण दुसऱ्या कुणालाही येईल.

पोराने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम केला आहे. टाइप केलेल्या संहितेच्या पहिल्या ओळीतलं नाटकाचं नाव घ्यायचं आणि त्या नावाची मजकूर फाइल करायची. लिनक्सवर तो नीट चालला. वाचनालयाच्या विंडोजवर चालवला तेव्हाही तक्रार काही आली नाही, पण फोल्डरमध्ये काही संहिता दिसेनात. त्याऐवजी ‘दु’ नावाची एक फाइल, आकार शून्य. शेजारी ‘अंत’, तीही शून्य. ‘स्वत’, शून्य.

कारण विसर्ग. मराठीत कितीतरी लोक विसर्गाच्या जागी कोलन टाइप करतात, छापील हँडबिलांतही तसंच असतं. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ डोळ्यांना एकच. संगणकाला पहिल्यात देवनागरी विसर्ग दिसतो, दुसऱ्यात कोलन. लिनक्सला कोलनचं काही वाटत नाही. विंडोजचा एक्सप्लोरर कोलन टाइपच करू देत नाही. पण प्रोग्राममधून नाव दिलं, तर एनटीएफएस कोलनचा भलताच अर्थ लावतं. त्याच्या दृष्टीने कोलनच्या आधीचा भाग म्हणजे फाइल आणि नंतरचा भाग म्हणजे त्या फाइलला जोडलेला वेगळा प्रवाह. एका फाइलला असे कितीही प्रवाह जोडता येतात, आणि एक्सप्लोरर त्यांचा आकार दाखवत नाही.

म्हणजे संहिता गेल्या नव्हत्या. दु:खाने सुरू होणारी सगळी नाटकं एकाच शून्य आकाराच्या ‘दु’च्या पोटात बसली होती. झाडीपट्टीत दु:खाने सुरू होणाऱ्या नाटकांना तोटा नाही, त्यामुळे ‘दु’ चांगलीच जाडजूड होती. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिर’ आज्ञेला तिरपी रेघ आणि आर जोडला की हे प्रवाह दिसतात. पॉवरशेलमधून एकेक वाचून वेगळ्या फाइलमध्ये काढले.

धोका पुढे होता. ‘दु’ पेनड्राइव्हवर टाकली असती तर फॅट३२ वर प्रवाह नावाची चीजच नाही. तिथे शून्य आकाराची फाइल पोचली असती आणि मूळ पुसल्यावर मजकूर खरंच गेला असता. रिकाम्या दिसणाऱ्या फाइली ‘कचरा’ म्हणून साफ करायची सवय सगळ्यांनाच असते. तेव्हा आजपासून शून्य आकाराची कुठलीही फाइल आधी तपासायची, मगच पुसायची.

प्रोग्रामात बदल: नावात देवनागरी अक्षरानंतर लगेच कोलन आणि त्यापुढे पुन्हा देवनागरी अक्षर आलं तर विसर्ग करायचा. त्यापुढे मोकळी जागा असेल तर ते खरं कोलन, तिथे आडवी रेघ. दंडाचंही तसंच. बरेच जण पूर्णविरामाच्या दंडासाठी उभी रेघ टाइप करतात, आणि उभी रेघ विंडोजच्या यादीत आहेच.

३० मार्च

पाडवा. काम बंद. फक्त दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतली.

२ एप्रिल

वडसा इथल्या डीटीपीवाल्या भाऊंनी त्यांच्याकडच्या जुन्या हँडबिलांचा पेनड्राइव्ह दिला. पेजमेकर आणि कोरलच्या फाइली. माणूस मनाचा मोठा, एका शब्दावर सगळं दिलं.

यातली जुनी नावं कृतिदेवची. मजकुरात कृतिदेव लावला की रोमन कळांच्या जागी देवनागरी आकार दिसतात, पण फाइलच्या नावाला फॉन्ट कसा लावणार? ऑपरेटरने सवयीने ‘गाव’ टाइप केलं की नावात एक्स-के-ओ उमटतं. नावं बघून वाटतं व्हायरसने केली असावीत. रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळफलकावर हात बसलेल्या माणसाला मात्र ती सरळ वाचता येतात. काकांना तालुक्याच्या कचेरीत टायपिंग केल्याची सवय आहे, ते स्क्रीनकडे बघून धडाधड वाचत गेले आणि पोर तोंड उघडं टाकून बघत राहिला. उलट फिरवायला परिवर्तक आहेत, पण इकार आणि रफार यांची जागा बदलावी लागते म्हणून काही नावं चुकतात. नावं थोडी आहेत, काकांकडूनच वाचून घेऊ.

नवी नावं युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली, आणि त्यांत भाऊंचा सगळा संसार भरलेला: गाव, प्रयोगाची तारीख, हँडबिलं किती छापली, आणि शेवटी ‘बाकी ५००’. काहींत ‘बाकी नील’. पोराने लगेच नावं ‘साफ’ करायचा प्रोग्राम काढला. मी थांबवलं. हँडबिलावर बहुतेक वेळा वार आणि तारीख असते, साल नसतं. कित्येक हँडबिलांचं साल फक्त या नावात आहे. फाइल बदलल्याची तारीखही भरवशाची नाही, एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाताना ती कधी कधी नवी होते. भाऊंना फोनवर सांगितलं की तुमची नावं बदलावी लागतील, तर ते म्हणाले, "नाव कायले बदलवता जी, थ्या नावातच तर सारा हिशोब हाये."

तेव्हा नियम केला: नावाला हात लावण्याआधी मूळ नाव जसंच्या तसं नोंदवहीत, कचरा असेल तर कचऱ्यासकट. शेजारी त्या फाइलचा एसएचए-२५६ ठसा. हा ठसा फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघतो, नावाशी त्याचा संबंध नाही. पुढे फाइलचं नाव कुणी कितीदा बदललं तरी ठशावरून ती मूळ नावाशी जोडता येते. बाकी किती आहे तो भाऊंचा खाजगी मामला, म्हणून मूळ नावांचा रकाना बाहेर द्यायच्या प्रतीत नसेल.

५ एप्रिल

लिनक्सवर अमुक इतक्या फाइली, विंडोजवर त्याहून कमी. लहान-मोठ्या रोमन अक्षरांची भानगड. एकाच फोल्डरात एका फोनने एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत दिलेलं, दुसऱ्याने लहान. लिनक्सला त्या दोन फाइली, विंडोजला एकच, आणि दुसरी पहिलीच्या उरावर जाऊन बसते. ठसे होते म्हणून कुठल्या राहिल्या ते लगेच कळलं. देवनागरीला लहान-मोठं अक्षरच नाही, तेवढी एक डोकेदुखी कमी.

वॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली हँडबिलं आता घेत नाही. तिथे मूळ नाव जातं, त्या जागी तारीख आणि डब्ल्यूए पुढचा क्रमांक येतो, वर चित्रही दाबून लहान होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं सगळ्यांना कळवलं. अर्धे लोक तरी फोटोच पाठवतात.

९ एप्रिल

एका फोल्डरात दोन फाइली, नाव अगदी एकच. काकांना वाटलं संगणक बिघडला. विंडोज एका नावाच्या दोन फाइली एकत्र कधीच ठेवू देत नाही, मग हे कसं?

नाव होतं ‘शेतकऱ्याचा’ने सुरू होणारं. आमच्या भागात शेतकऱ्यावर नाटक नाही असं मंडळ सापडणार नाही, म्हणून हे नीट बघितलंच पाहिजे. मराठीतला हा अर्धा र, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मधला, टाइप करायच्या दोन वाटा आहेत. एक वाट: युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, ०९३१ क्रमांकाचं. त्याला हलन्त, मग य. दुसरी वाट: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, मग य. हा जोडक दिसत नाही, जागा घेत नाही, पण असतो. ‘शेतकऱ्याचा’ आणि ‘शेतकर्‍याचा’ स्क्रीनवर सारखे दिसतात, आत वेगळे. एक पाठ फोनच्या कळफलकावरून आला, दुसरा डीटीपीच्या दुकानातून.

यात शोधाचं नुकसान जास्त आहे. विंडोजच्या शोधपेटीत एक रूप टाइप केलं तर दुसऱ्या रूपातली फाइल मिळेलच असं नाही. माणसाला वाटतं संग्रहात ती नाहीच.

असंच ‘ॲ’चं. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर आलं. त्याआधीपासून लोक अ पुढे चंद्र लावून ‘अॅ’ लिहीत आलेत. ‘ॲडव्हान्स बुकिंग’च्या पावत्यांत दोन्ही रूपं सर्रास आहेत.

युनिकोडमध्ये अशी रूपं एक करायची रीत आहे, तिला सामान्यीकरण म्हणतात, आणि पायथनमध्ये ते एका ओळीत होतं. पोर खूश झाला. पण करून बघितल्यावर कळलं की ते या दोन्ही ठिकाणी काही करत नाही. युनिकोडच्या लेखी जोडकवाला र आणि ०९३१ हे सममूल्य नाहीत, ॲ आणि अॅ हेही नाहीत. म्हणून आपले नियम आपणच लिहिले: र, हलन्त, जोडक आणि पुढे य किंवा ह, तर ऱ आणि हलन्त. अ आणि चंद्र, तर ॲ. हे मूळ नावावर चालवायचं नाही. नोंदवहीत ‘शोधनाव’ असा एक वेगळा रकाना, त्यावरच चालवायचं. उरलेले जोडक सरसकट काढायचे नाहीत, कारण काही ठिकाणी ते जोडाक्षराचं रूप ठरवतात आणि माणसाने ते जाणून लिहिलेलं असतं.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती, वाचनालयात दिवसभर कार्यक्रम. संध्याकाळी एका मंडळाच्या जुन्या तबलजींनी घरून कॅसेटची पिशवी आणून दिली. कॅसेटवर फाइलनाव नसतं, लेबल असतं, आणि लेबलवर ‘चांगली’ एवढंच. नोंदवहीत मूळ नाव: चांगली.

१७ एप्रिल

ताईंकडून साफ केलेल्या ध्वनिफितींची पहिली खेप. फाइली दुप्पट. प्रत्येक फाइलसोबत त्याच नावाची एक छोटी फाइल, नावाआधी टिंब आणि खालची रेघ. मॅक आपली जादा माहिती एक्सफॅट किंवा फॅटच्या डिस्कवर अशी वेगळी ठेवतो, कारण तिथे ती ठेवायला दुसरी जागा नसते. विंडोजवर त्या वाजवायला गेलं की ‘फाइल खराब’ येतं, आणि काकांनी ताईंना फोन लावून सगळं बिघडल्याचं कळवूनही टाकलं होतं. काही बिघडलेलं नाही. त्या छोट्या फाइली आम्हाला नकोत, नोंदवही करताना वगळायच्या.

शेतकऱ्याने इथेही गाठलं. ताईंची जुनी कामाची डिस्क एचएफएस प्लस पद्धतीची आहे. ती नाव साठवताना अक्षरं फोडून ठेवते, त्यामुळे ऱ चा होतो र आणि खाली नुक्ता. म्हणजे एकाच नावाचं तिसरं रूप. २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस नाव दिलं तसंच ठेवते, पण जुन्या डिस्का अजून चालू आहेत. हे तिसरं रूप मात्र युनिकोडच्या सामान्यीकरणाने जुळतं, तेवढ्यापुरती पोराची ती एक ओळ कामाला आली. मॅकवरून लिनक्सवर नेताना आरसिंक या फाइली नेणाऱ्या प्रोग्रामलाच सांगता येतं की तिकडचं नाव ‘यूटीएफ-८-मॅक’ आहे, इकडे साधं यूटीएफ-८ (युनिकोड चिन्हं बाइटांत लिहायची रीत) कर. ताईंच्या मॅकवर आरसिंकची ३ वरची आवृत्ती टाकून घेतली.

ताई तारखा तिरप्या रेघेने लिहितात, १२/११ अशा. मॅकच्या फाइंडरमध्ये ते चालतं. त्याच मॅकच्या टर्मिनलमध्ये बघितलं तर तिथे कोलन. पुन्हा कोलन. त्यांना म्हटलं, ताई, तारीख सालापासून लिहा, मध्ये आडवी रेघ द्या, क्रमही आपोआप लागेल. त्या म्हणाल्या, "अरे, नाटकवाल्यांच्या तारखा मी रेघेने लिहू की फुलीने, मला पोचल्याशी मतलब." पण लिहायला लागल्या.

२२ एप्रिल

४५ अंशांच्या आसपास ऊन. दुपारी वीज जाते, तेव्हा काम सकाळी आणि रात्री.

नागपूरच्या साठवणीने काही नावं ‘फार लांब’ म्हणून परत केली. विंडोजवर त्या फाइली बिनतक्रार आहेत. दोन्हीकडे मर्यादा २५५ ची, पण मोजमाप वेगळं. एनटीएफएस २५५ चिन्हं मोजतं, लिनक्सचं एक्स्ट४ २५५ बाइट मोजतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘झाडीपट्टी’ हा शब्द पाहायला चार अक्षरांचा. चिन्हं ९, बाइट २७. म्हणजे लिनक्सवर देवनागरी नावाला ८५ चिन्हं, एक्स्टेन्शन धरून त्याहून थोडी कमी. इंग्रजी नाव ठेवणाऱ्याला ही भिंत जन्मात लागत नाही. आपल्याला ‘अमुक अर्थात तमुक’ आणि पुढे ‘तीन अंकी संगीत सामाजिक नाटक’ एवढं लिहिलं की लागली.

विंडोजचीही एक भिंत आहे. तिथे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो, जुने प्रोग्राम त्यापुढे जात नाहीत. तालुका, गाव, मंडळ, नाटक, अंक, पान अशी फोल्डरात फोल्डरं केली की पत्ताच संपतो. फोल्डरं दोन पातळ्यांवर आणली.

२६ एप्रिल

नावांची पद्धत ठरवायला बसलो. बैठक तापली.

पोराचं म्हणणं: सगळी नावं रोमन लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ. संहितेला एस, हँडबिलाला एच, ध्वनीला डी, पुढे चार आकडी क्रमांक, आधी शून्यं भरून. कुठल्याही यंत्रावर चालेल. काकांचं म्हणणं: "एच शून्य शून्य बेचाळीस मन्लं तर मले का समजनार जी? वाचनालयात मानूस येते, थो नाटकाचं नाव सांगते." दोघंही बरोबर आहेत. आणि ‘संगणकाला मराठी चालत नाही’ हे म्हणणं मला मुळातच मान्य नाही. या सगळ्या भानगडींत देवनागरी कुठेही नाकारली गेलेली नाही. अडलं ते कोलन, प्रश्नचिन्ह, अदृश्य जोडक आणि मोजमापाने.

ठरलं ते असं. कायमच्या प्रतीत फक्त संकेतनावं, पोर म्हणतो तशी. नाटकाचं खरं नाव, चिन्हांसकट, नोंदवहीत, तिथे प्रश्नचिन्हालाही जागा आहे आणि तीन टिंबांनाही. नोंदवहीवरून वाचनालयाच्या संगणकासाठी दुसरी प्रत आपोआप तयार होईल, मराठी नावांची: आधी नाटक, मग गाव, शेवटी संकेतनाव. त्यात विंडोजला न चालणारी चिन्हं वगळलेली, विसर्ग विसर्गाच्या जागी, ऱ एकाच रूपात, लांबी ६० चिन्हांच्या आत. ती प्रत बिघडली, हरवली, कुणी नावं बदलली, तरी पुन्हा काढता येते. काकांना मूळ प्रतीला हात लावायची गरजच नाही.

काकांनी एकच विचारलं, नावाच्या सुरुवातीला टिंब आलं तर? काही लोक यादीत पहिलं यावं म्हणून नावाआधी टिंब देतात. प्रश्न अगदी योग्य होता: लिनक्स आणि मॅकवर अशी फाइल लपते. आणि नावाआधी आडवी रेघ असली तर टर्मिनल तिला आज्ञेचा पर्याय समजतं. दोन्ही नियम प्रोग्रामात घातले.

३ मे

नोंदवही सीएसव्हीत ठेवतो, साधा मजकूर, पन्नास वर्षांनीही उघडेल. पण काकांनी एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठीच्या जागी टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण नसेल तर एक्सेल जुनी संकेतलिपी गृहीत धरतं. ती खूण लावून जतन केली, आता नीट उघडते. एक्सेलमधून मात्र जतन करायची नाही. ते क्रमांकाआधीची शून्यं खातं आणि ‘१-२’ सारखं इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं काही दिसलं की त्याची तारीख करून टाकतं. काकांसाठी वेगळी वाचायची प्रत.

एका पानात नोंदी एकने जास्त भरत होत्या. एका फाइलच्या नावात चक्क नवी ओळ होती, कुणीतरी हँडबिलावरून दोन ओळी चिकटवल्या असणार. लिनक्सला तेही चालतं. ओळी मोजून फाइली मोजणारा प्रोग्राम तिथे चुकतो. आता यादी शून्य-बाइटने तोडून घेतो, फाइलच्या पूर्ण पत्त्यात येऊ न शकणारी ती एकच गोष्ट आहे.

१० मे

जुन्या सीड्या. जोलिएट पद्धतीने लिहिलेल्या सीडीवर नाव ६४ चिन्हांपर्यंतच, त्यामुळे लांब नावं जागेवरच तुटलेली: ‘अर्थात’ आहे, पुढचं नाही. त्याहून जुन्या सीडीवर आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं. तिथे नावावरून काहीच कळत नाही, ऐकून ओळखायचं. एका नटाने दोन वाक्यांत नाटक ओळखलं, आणि पुढे कोण कुठे चुकलं होतं तेही सांगितलं. ते टिपण रकान्यात टाकलं.

नागपूरला पाठवायच्या खेपेची झिप करायची होती. झिपची पद्धत मुळात आयबीएमच्या ४३७ संकेतलिपीवर उभी आहे. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी खूण नंतर आली, आणि सगळे प्रोग्राम ती लावत किंवा वाचत नाहीत. वडसा इथल्या दुकानातलं विंडोज ७ मराठी नावांच्या फाइली झिप करायला सरळ नकार देतं. ७-झिप नीट करतं. पण आमच्या कायमच्या प्रतीत आता संकेतनावंच असल्यामुळे हा प्रश्न उरलाच नाही.

१६ मे

डीटीपीवाल्या भाऊंचा फोन. त्यांच्या संगणकाची डिस्क गेली, विंडोज नव्याने टाकलं, हँडबिलं सगळी गेली. फाइली परत देता येतील, ते सोपं. त्यांना त्याहून घाई होती ती मूळ नावांची: "थे बाकीवाले नावं हायेत ना तुमच्यापाशी?" आहेत. मूळ नावांचा रकाना फक्त त्यांच्या फाइलींपुरता काढून छापून दिला. मंडळं पुढच्या हंगामाचं बोलायला वडशाला येतील तेव्हा कामाला येईल म्हणाले.

त्यांच्या फाइली परत देताना मूळ नावं परत लावून द्यायची होती. प्रोग्राम उलटा चालवला, ठशावरून मूळ नाव. बहुतेक लागली. जी नावं नोंदवहीत चढण्याआधीच पोराच्या लिनक्सवर कुणी बदलली होती आणि ज्यांत प्रश्नचिन्ह आलं होतं, ती त्यांच्या नव्या विंडोजवर लागली नाहीत, त्यांच्यापुरतं प्रश्नचिन्ह काढलं.

२१ मे

नागपूरची डिस्क एक्सफॅट करून भरली. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, आणि रात्रभर चाललेल्या एका प्रयोगाचं चित्रीकरण त्याच्या पुढचं आहे. एक्सफॅट तिन्ही यंत्रांना चालतं. ठशांची यादी डिस्कवरच ठेवली. नागपूरला पोचल्यावर ताई ती पडताळून बघतील.

राहिलेलं: कृतिदेवच्या काही नावांचं वाचन काकांकडून, ‘चांगली’ लिहिलेल्या कॅसेटवर नेमकं काय आहे ते तबलजींसोबत बसून ऐकणं, काकांच्या प्रतीत एकाच नावाच्या दोन वेगळ्या गावांच्या मंडळांची सरमिसळ होते, तिथे नावात तालुका जोडणं. पाऊस लागला की रोवणीत कुणी सापडणार नाही, तेव्हा तबलजींकडे याच आठवड्यात जायचं.